पांढरी पडलेली पलटण

बीस्टन, नॉटिंगहॅम
१० नोव्हेंबर १९८६

चि. अर्सुला हिला विनीताईचे अ. आ. आणि दोन्ही गालांवर एकेक पापा.

शनिवारी सिरिल न जेवता आमच्या घरून निघून गेला, हे तुला आतापर्यंत कळलंच असेल. तुझ्या नवऱ्यानं ते कसं सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. म्हणून माझ्याकडूनही ऐक, आणि ऐकेपर्यंत कुणाची बाजू घेऊ नकोस.

उन्हाळाभर आमचा हॉरेस एकच पलटण रंगवत होता, हे मी तुला कळवलंच होतं. बोटाच्या पेराएवढे ते शिशाचे ब्रिटिश शिपाई. बहुतेकांच्या हातात रायफल, मधे मधे एखाद्याकडे मशीनगन, आणि एकाच्या खांद्यावर रणगाडे फोडायचं ते नळकांडं. आजवरच्या त्याच्या सगळ्या सैन्यात इतकी देखणी पलटण झाली नव्हती. हेल्मेटच्या पट्ट्याखाली हनुवटीवर पडणारी सावलीसुद्धा त्यानं रंगवली होती. शनिवारी ती पहिल्यांदाच टेबलावरच्या लढाईच्या खेळात सिरिलच्या जर्मन शिपायांसमोर उभी राहायची होती. राहिला होता तो फक्त वॉर्निशचा शेवटचा हात.

हॉरेस आत जेवणाच्या टेबलावर कापडी टेकड्या आणि कुंपणं मांडत होता. सिरिलच्या मनात आलं, साडूचं एवढं काम आपणच उरकून टाकावं, तेवढाच तो खूश होईल. त्यानं पलटण परसात नेली, वॉर्निशच्या फवाऱ्याचा डबा खळखळ हलवला आणि मारला फवारा. बिचारा आजवर ब्रशनंच वॉर्निश लावत आलाय. फवाऱ्याला कोरडी हवा लागते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि बाहेर धुकं तर इतकं, की मला आमचंच फाटक दिसत नव्हतं.

वाळता वाळता सगळे शिपाई पांढरे पडले. पिठाच्या डब्यात पडून उठल्यासारखे. चेहरा नाही, कोट नाही, काही नाही.

हॉरेस बाहेर आला, एक शिपाई उचलून बघितला. मग म्हणाला, टेबलावर कधी जमलं नाही ते परसात करून दाखवलंस, शेवटी जर्मन तो जर्मनच. सिरिल आधी हसला, त्याला वाटलं नेहमीची थट्टा आहे. मग त्यानं हॉरेसचा चेहरा पाहिला. आपले जर्मन पेटीत भरले, टोपी घातली, ओव्हनमधून काढलेली माझी किडनी पाय टेबलावर वाफा सोडत असताना मला थँक यू म्हणाला आणि स्टेशनकडे चालू लागला.

मला तर हसावं की रडावं कळेना. दोघांपैकी एकानंही खरी लढाई पाहिलेली नाही. युद्धाच्या वर्षांत हॉरेस कानानं अधू म्हणून लेसच्या गिरणीत मच्छरदाण्यांचं काम बघत होता, आणि सिरिलला सरकारनं बंदुकीऐवजी कुदळ देऊन कोळशाच्या खाणीत उतरवला होता. आणि आता साठी गाठल्यावर ही लढाई!

खरी काळजी मला ईस्टरची आहे. वर्षातून तोच एक आठवडा आपण दोघी एका छपराखाली असतो, आणि तोही या दोघांच्या मोठ्या लढाईच्या जिवावर. त्यानंतर तुझ्या गेस्टहाउसचा हंगाम सुरू झाला की तू सप्टेंबरपर्यंत माझी नसतेस. तेव्हा तू सिरिलला समजाव, मी याला समजावते.

आणखी काय लिहू? थंडीची छाती जप. माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू दे, राग असेल तो स्केगनेसच्या समुद्रात टाक.

तुझी,
विनीताई


स्केगनेस
१७ नोव्हेंबर १९८६

प्रिय विनीताईला धाकट्या अर्सुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा कुठे मला सगळं कळलं. सिरिल घरी आला तो एवढंच म्हणाला, की गाडीत फार गारठा होता. पाव आणि चीज खाल्लं आणि झोपला. दुसऱ्या दिवशी आपले रणगाडे पुसता पुसता अचानक म्हणाला, मला जर्मन म्हणाला तो. मी म्हटलं, अहो, इतकी वर्षं तुम्ही जर्मनच आहात की! तर म्हणाला, टेबलावर. टेबलावरून उठल्यावर नाही.

ताई, मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

आता ऐक, त्यानं काय ठरवलंय ते. फेब्रुवारीत लिंकनला या खेळवाल्यांचा मेळा भरतो, तिथे जुन्या सैन्यांच्या विक्रीचं एक टेबल असतं. तिथे आपले सगळे जर्मन विकायचे म्हणतो. मी म्हटलं, वेडे आहात का. तर म्हणाला, ब्रिटिशांशिवाय जर्मन घेऊन मी काय करू, आपापसांत लढवू? त्याचंही खरंच आहे. पहिल्या वर्षी नाणं उडवून यांनी वाटणी केली, आणि तेव्हापासून यानं एकही ब्रिटिश घेतला नाही की भावोजींनी एकही जर्मन. एका जोडीतला एकेक बूट दोघांच्या घरी असावा, तसं झालंय. एकाशिवाय दुसऱ्याला घालून कुठे जाता येत नाही.

जर्मन विकले गेले, तर सिरिल पुन्हा तुझ्या उंबऱ्यावर येणार नाही. मला म्हणतो, तू जा खुशाल. पण मी एकटी आले, तर तुझ्या पक्षात गेले असं होईल. आणि नाही आले, तर त्याच्या. मला कुठल्याच पक्षात जायचं नाही. मला तुझ्या स्वयंपाकघरात बसून तुझ्याशी बोलायचं आहे.

भावोजींना म्हणावं, एक शब्द बोला. फार नको, एकच. आणि तो रंग गेला तर एवढं काय बिघडलं? सिरिल सांगतो, शिसं कधी खराब होत नाही. शिपाई डेटॉलमध्ये बुडवून ठेवायचे, जुन्या टूथब्रशनं घासायचे, की पुन्हा नवे. मागे त्यानं स्वतःचे धुतले होते, तेव्हा आमच्या घराला दवाखान्याचा वास आला आणि वरच्या खोलीतला पाहुणा नाश्ता न करता गेला!

उत्तर लवकर दे. मोठी आहेस, तेव्हा मोठेपणानं माझ्यावर जीव लावत जा.

तुझी,
अर्सुला


बीस्टन
२१ डिसेंबर १९८६

चि. अर्सुला हिला अ. आ., आणि तुम्हा दोघांना नाताळ सुखाचा जावो.

पुडिंग पोस्टानं पाठवलं आहे. वरचं कापड आधी सोडू नकोस. यंदा ब्रँडी जरा सढळ हातानं पडली, चूक माझी आहे पण चव तिच्यामुळे आहे.

इकडची लढाई जिथल्या तिथे. त्याच्या खेळाच्या क्लबातले तिघे मित्र येऊन गेले. त्यांनीही तेच सांगितलं, डेटॉल आणि टूथब्रश. हॉरेस हो ना काही म्हणेना. त्यातला एक उत्साही प्राणी म्हणाला, मीच घेऊन जातो, रविवारपर्यंत लख्ख धुऊन देतो, आणि त्यानं पेटीला हात घातला. हॉरेस असा उठला, की तिघांनी चहा अर्धा टाकून कोट चढवले. त्या दिवसापासून पांढरी पलटण सिगारच्या पेटीत आहे आणि पेटी त्याच्या पलंगाजवळ. ब्रश धुऊन बांधून ठेवलेत. संध्याकाळी तो टीव्हीवर स्नूकर बघतो. अर्सुला, ज्या माणसाला स्नूकर म्हणजे रंगीत चेंडू ढकलणं वाटायचं तो!

एक शब्द बोल, असा तुझा निरोप मी सांगितला. म्हणाला, मी रागावलोय असंच सिरिलला वाटू दे. मी विचारलं, म्हणजे तू रागावलेला नाहीस? तर उठून कोळसे आणायला गेला, बादली भरलेली असताना.

त्याला तू कठोर समजू नकोस. मला जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिते आहे.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला चर्चमध्ये या वर्षी पुन्हा तीच जुनी गाणी आहेत. तुझा खालचा सूर याही नाताळात माझ्या शेजारी नसेल, आणि मी एकटी वरचा किती ओढणार? ईस्टरचं तरी असं होऊ नये. गोठ्यातल्या बाळाजवळ मी तेवढंच मागणार आहे. तूही माग. दोघींनी मागितलं तर त्याला कंटाळून तरी द्यावं लागेल.

सिरिलला माझे आशीर्वाद. त्याला म्हणावं, किडनी पाय तुझ्यावर अजून रुसलेली नाही.

जशी आहेस तशीच माझी राहा.

विनीताई


स्केगनेस
१८ जानेवारी १९८७

प्रिय विनीताईला अर्सुलाचा शि. सा. न.

इथे बर्फानं आम्हाला कोंडून घातलं आहे. समुद्राच्या कडेलासुद्धा बर्फ धरलाय, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पोस्टमन कालच आला, म्हणून उत्तराला उशीर.

पुडिंग उत्तम होतं. सिरिलनं दोनदा घेतलं आणि तिसऱ्यांदा बशी पुढे करताना म्हणाला, विनीवर माझा काही राग नाही.

मेळ्यातलं टेबल मात्र त्यानं नक्की केलं आहे. रोज थोडे जर्मन पुसतो, तुटलेल्या संगिनी चिकटवतो, पेटीत निजवतो. परवा मी पाहिलं, एकाला परत बाहेर काढून त्याच्या बुटांना नव्यानं काळा रंग देत होता. म्हटलं, विकायचेच आहेत ना, मग बूट कशाला? तर म्हणाला, परक्याच्या घरी जायचंय, जरा बरे दिसायला नकोत?

खरं सांगू का ताई, मी भावोजींवर रागावले आहे. तू म्हणतेस कठोर समजू नकोस. मग काय समजू? पलटण धुवायची नाही, नवी रंगवायची नाही, माणसाला क्षमा करायची नाही. नुसती पेटी उशाशी घेऊन निजायचं! तू काहीतरी राखून लिहितेस हे कळण्याइतकी मी तुझी बहीण आहे. नको सांगूस. पण मग मला रागावू दे.

पण एक गोष्ट आठवली ती लिहिते. कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये सेंट जोसेफचा तो मोठा पुतळा होता, आठवतो? एका पावसाळी हिवाळ्यात त्याचं वॉर्निश असंच पांढरं पडलं होतं. आपण मुली म्हणत होतो की सेंट जोसेफ आजारी पडला. तेव्हा सिस्टर गर्ट्रूड शिडीवर चढल्या आणि जैतुनाच्या तेलाचा बोळा घेऊन त्याला वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. तू शिडी धरली होतीस आणि मी खालून दाढी कुठे राहिली ते सांगत होते. संध्याकाळच्या प्रार्थनेला जोसेफ पुन्हा तांबूस, ठणठणीत!

वॉर्निश ते वॉर्निश, मग पुतळा मोठा असो की पेराएवढा. केमिस्टकडून आणलेली कानदुखीच्या तेलाची बाटली, तेही जैतुनाचंच, तुझ्या कपाटात असेलच. करून बघ. एकावर कर. बिघडलं तर सेंट जोसेफला सांग, मला नको.

रागावले असले तरी लाडकीच समज.

अर्सुला


बीस्टन
८ फेब्रुवारी १९८७

चि. अर्सुला हिला अ. आ. आणि एक घट्ट मिठी.

सिस्टर गर्ट्रूडना स्वर्गात चांगली खुर्ची मिळालेली असो.

शुक्रवारी हॉरेस न्हाव्याकडे गेला, तेव्हा मी पेटी उघडली. नळकांडंवाला उचलला, पायाखालच्या चकतीला धरून, एवढं इतक्या वर्षांत मीही शिकले आहे. ब्रशचं टोक कानाच्या तेलात बुडवलं आणि हलकेच फिरवलं. काचेवरचा श्वास विरावा तसं ते पांढरेपण विरलं, अर्सुला. आधी हेल्मेट दिसलं, मग मातकट कोट, मग तो सगळा चेहरा, हनुवटीच्या सावलीसकट. मी खुर्चीवर बसून चक्क रडले.

तेवढ्यात हा केस कापून आला. मला बघितलं, माझ्या हातात बघितलं. शिपाई खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मग विचारलं, काय लावलंस? मी म्हटलं, कानाचं तेल. म्हणाला, चर्चमधलं पवित्र तेल नाही ना? मी म्हटलं, रविवारपर्यंत सगळी पलटण उजळून देते. तर म्हणाला, नको, ज्यानं पांढरी केली त्यानंच उजळावी.

नोव्हेंबरपासून पहिल्यांदा त्यानं सिरिलचा विषय काढला होता. मी ताबडतोब म्हटलं, मग बोलव त्याला. त्यावर त्यानं उजवा हात माझ्यापुढे टेबलावर धरला.

आता सांगते. त्याचा हात थरथरतो. स्वस्थ असला की शांत असतो, पण काही नाजूक करायला जावं, की लागला थरथरायला. गेल्या वसंतात कपबशी वाजायला लागली तेव्हाच मी ओळखलं होतं. डॉक्टर म्हणतात, तो वाईट आजार नाही, वयाचं आहे, याच्यानं माणूस मरत नाही. पण ते जाणारही नाही. उन्हाळाभर त्यानं ती पलटण फक्त सकाळी रंगवली, मनगट मार्मालेडच्या बरणीला टेकवून, श्वास रोखून. ही आपली शेवटची, हे त्याला माहीत होतं. म्हणून डेटॉल नको म्हणतो. धुतली, तर पुन्हा रंगवणार कोण?

आणि हे सिरिलला कळू द्यायचं नाही, ही त्याची अट. ज्यानं आयुष्यभर लेसच्या नक्षीच्या केसाएवढ्या रेघा काढल्या, त्याला हे किती लागलं असेल ते तूच समज. मला म्हणाला, रागीट साडू म्हणून राहीन, थरथरणारा साडू म्हणून नाही राहणार. शेजारी बसून तेल लावायचं म्हणजे सिरिलला हात दिसणार. म्हणून बोलवायचं नाही. पण तो आल्याशिवाय पलटण उजळायची नाही. असा हा माझा शहाणा नवरा!

मी त्याला शब्द दिला होता आणि तुला सांगून तो मोडला. तू तरी पाळ. हे तुझ्यापुरतंच ठेव.

मेळा जवळ आला, माझा जीव टांगणीला लागला आहे. तुझा लोभ मला आता फार लागणार आहे, हात आखडू नकोस.

विनीताई


स्केगनेस
१ मार्च १९८७

प्रिय विनीताईला अर्सुलाचा शि. सा. न., आणि आधीच क्षमा मागते.

मी सांगितलं. पण कसं सांगितलं ते ऐक, मग हवी ती शिक्षा दे, मी रोझरीची सगळी माळ गुडघ्यांवर म्हणेन.

काल लिंकनच्या त्या हॉलमध्ये मी सिरिलशेजारी बसले होते. चोहीकडे टेबलं, त्यांवर नद्या, पूल, जळकी गावं, आणि भोवती मोठमोठे पुरुष गुडघ्यांवर ओणवे होऊन छोट्या बंदुकांची टोकं निरखताहेत. आमच्या टेबलावर जर्मन रांगेत, बूट चकचकीत. आणि सिरिल गिऱ्हाइकांना असे प्रश्न विचारत होता, जणू मुलीसाठी स्थळं बघतोय!

पहिला आला, त्याला विचारलं, तुमच्यासमोर कोण खेळतं? तो म्हणाला, मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळतो. सिरिल म्हणाला, मग तुम्हाला शत्रूची किंमत काय कळणार, आणि त्याला वाटेला लावला. दुसऱ्याला फक्त रणगाडे हवे होते. त्याला म्हणाला, आम्ही घर फोडत नाही. एकाला तर आपणहून सांगत बसला, की या सार्जंटचं नाक जरा तिरकं आहे, त्या तोफेचं चाक नीट बसत नाही. मला वाटलं, चला, संध्याकाळी सगळे परत घरी.

मग एक शाळामास्तर आले. सभ्य माणूस. आधी हात रुमालाला पुसले, मग शिपाई चकतीला धरून उचलला. समोर कोण खेळतं, तर त्यांचे मेहुणे, दर आठवड्याला, ब्रिटिश बाजूनं. ठेवणार कुठे, तर काचेच्या कपाटात, उन्हापासून दूर. सिरिल विचारून विचारून थकला, खोट सापडेना. स्थळ फारच चांगलं निघालं की बापाचा चेहरा जसा उतरतो, तसा त्याचा उतरला. हो म्हणण्याआधी त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

ताई, मला नाही राहवलं. मी म्हटलं, भावोजींचा हात थरथरतो, ती त्यांची शेवटची पलटण होती, पुन्हा त्यांना रंगवता येणार नाही. मास्तर बिचारे छताकडे बघू लागले. सिरिलनं विचारलं, केव्हापासून? मी म्हटलं, वसंतापासून. त्यानं मास्तरांच्या हातातला शिपाई परत घेतला. मग मास्तरांना म्हणाला, माफ करा, या मंडळींचं आधीच एके ठिकाणी ठरलेलं आहे. आणि एकेकाला पेटीत ठेवू लागला. मास्तरांनी समजून त्याला झाकण धरून दिलं.

परतताना बसमध्ये एवढंच म्हणाला, मला सांगितलं असतं तर मी रडलो असतो, म्हणूनच त्यानं सांगितलं नसेल.

आता तो काय करेल मला ठाऊक नाही. सकाळपासून रेडिओवर हवामान ऐकतो आहे.

मार, पण टाकू नकोस.

अर्सुला


बीस्टन
२२ मार्च १९८७

चि. अर्सुला हिला अ. आ.

तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे लहानपणापासून माहीत असून मी तुला सांगितलं. तेव्हा शिक्षा दोघींनी अर्धी अर्धी वाटून घेऊ.

काल दुपारी दारावर थाप पडली. हॉरेसनंच उघडलं. बाहेर सिरिल, हातात टोपी. हॉरेस म्हणाला, आज हवा कोरडी आहे. सिरिल म्हणाला, म्हणूनच आलो. झालं! एवढ्यासाठी आपण दोघींनी हिवाळाभर शाई आटवली.

मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तेल आणि दोन ब्रश दिले आणि स्वयंपाकघरात गेले. दार थोडं उघडं राहिलं, ते मी बंद करायला विसरले असं समज. बराच वेळ नुसता आवाज येत होता, हॉरेसचा ब्रश बाटलीच्या तोंडावर टिकटिक टिकटिक वाजत होता. सिरिल मान खाली घालून आपला शिपाई पुसत होता, जणू जगात दुसरा आवाजच नाही. शेवटी हॉरेसनंच विचारलं, पाहिलंस ना? सिरिल म्हणाला, पाहिलं. वर म्हणाला, फासे टाकायला हात असाच लागतो, म्हणूनच तू गेल्या ईस्टरला जिंकलास होय, मी उगाच नशिबाला दोष देत होतो. हॉरेस आधी रागानं लाल झाला आणि मग असा हसला, की तेल सांडलं. माझ्या टेबलक्लॉथवर, अर्थात. वर्तमानपत्र बाजूलाच होतं.

संध्याकाळपर्यंत अख्खी पलटण उजळली. दोघांनी ती रांगेत उभी केली. मग हॉरेस उठला, जिन्याखालच्या कपाटातून एक खोका काढला आणि सिरिलपुढे ठेवला. त्यात त्याचे उरलेले शिपाई, रंग न लागलेले, नुसत्या शिशाचे. उखळी तोफेची तुकडी, बिनतारी यंत्रवाले, कोण कोण. पुढेमागे रंगवू म्हणून साठवलेले. म्हणाला, हे तू ने. सिरिल म्हणाला, अरे, पण मी शत्रू आहे. हॉरेस म्हणाला, इतकी वर्षं टेबलापलीकडून तूच त्यांना बघत आलास, त्यांना तुझ्याइतकं ओळखणारं दुसरं आहे कोण?

सिरिलनं रुमाल काढला, म्हणाला तेल डोळ्यात गेलं. मग किडनी पाय संपवली. सगळी.

ईस्टरचं ठरलं हे आता सांगायला नको. आपल्या दोघींची ती मागची खोली आवरून ठेवते. खाली तोफा चालू देत, वर आपण बोलत बसू.

आता तुझं प्रेम पत्रातून नको, स्वतःच घेऊन ये.

विनीताई


बीस्टन
९ एप्रिल १९८७

श्री. सिरिल डॉबनी यांस हॉरेस कट्स याचा स. न. वि. वि.

पार्सल पोचलं. बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून पाठवण्याची कल्पना बरी होती, पण कापसाचे धागे संगिनींना अडकले आणि ते सोडवायला विनीला सकाळ लागली.

आता कामाबद्दल. उखळी तोफेवरच्या कॉर्पोरलला तू गुलाबी गाल दिले आहेस. हा माणूस सहा महिने डब्यातलं गोमांस खातो आहे, तुझ्या गेस्टहाउसचा नाश्ता नाही. पट्ट्यांचा हिरवा फिकट झालाय. पाणी जास्त घातलंस, नाकारू नकोस. बिनतारी यंत्रवाल्याच्या चेहऱ्यावर असा भाव आहे की त्याला हरायचंच आहे. हा घातपात समजावा काय? तोफेच्या नळीत मात्र मला चूक सापडली नाही. शोधणं चालू आहे.

अक्षर वाचवत नसेल तर चष्मा पुसू नकोस, दोष हाताचा आहे. विनीला सांगून लिहवून घेणार होतो. पण पुढे मला तुला गाढव म्हणायचं आहे, आणि ती कॉन्व्हेंटमधली, तिच्याच्यानं तो शब्द लिहवत नाही. गाढवा, मेळ्यात जर्मन विकायला निघाला होतास! मी मग कुणाशी लढलो असतो, त्या शाळामास्तराशी?

नोव्हेंबरमध्ये परसदारी तुला जे बोललो, ते मागे घेतो. तुझ्या तोफखान्याबद्दल इतकी वर्षं जे बोलत आलो, त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

ईस्टरला पुढच्या फळीत माझी पलटण आणि मागे तू रंगवलेली मंडळी उभी राहतील. नवी पलटण पहिल्या लढाईत पळते असं क्लबात सगळे मानतात. पळाली, तर कुणाच्या रंगाची आधी पळाली ते दोघांनी मिळून पाहू. खोक्यात अजून पुष्कळ शिसं उरलं आहे. एका वर्षात ते संपवायची घाई करू नकोस, पुढची कितीतरी वर्षं तुला हे काम पुरवावं असा माझा विचार आहे.

शनिवारच्या गाडीनं या. अर्सुलाला आण, जर्मन आण, पेटीचं झाकण नीट बांध.

कळावे. वैर आहे ते वाढावे, ही विनंती.

तुझा,
हॉरेस